अंगावरचं दूध आणि बाळाचा आहार: उपकेंद्रात आणि घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आशाताई, उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टर आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्या कानावर रोज पडतात. काही बाळंतीण विचारते, काही सासूबाई आणि काही दाराआडून नवरा. उत्तरं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लिहिली आहेत, पण घरच्यांनीही जरूर वाचावीत.

बाळंतपण दवाखान्यात झालं, तरी पहिल्या तासात बाळाला पाजलं का जात नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं मात्र ४१.८ टक्केच. म्हणजे आई आपल्या दारात असते, आपल्या डोळ्यांसमोर असते, आणि तो तास हातातून जातो. कुणी मुद्दाम करत नाही. बाळाला पुसायचं, वजन करायचं, दुपट्यात गुंडाळून बाहेरच्या नातेवाइकांना दाखवायचं, आईला टाके घालायचे, केसपेपर भरायचा. या धावपळीत बाळ पाळण्यात झोपी जातं.

बाळ रडलं, श्वास नीट चालू आहे, की कोरडं करून उघडंच आईच्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून दोघांवर पांघरूण घालायचं. वजन तासाभराने केलं तरी चालतं. टाकेही बाळ छातीवर असताना घालता येतात. पहिल्या तासात बाळ जागं आणि तरतरीत असतं, स्वतःच तोंड हलवून शोधू लागतं. नंतर ते बराच वेळ पेंगतं आणि मग 'बाळ ओढतच नाही' ही तक्रार सुरू होते.

सिझेरियन झालं असेल तर?

पाठीच्या इंजेक्शनवर झालं असेल तर आई शुद्धीत असते, बाळ लगेच छातीशी नेता येतं. पूर्ण भूल दिली असेल तर शुद्धीवर येताच. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजायचं, किंवा बाळ काखेखालून धरायचं. पहिल्या दिवशी तिला कूस बदलायला आणि बाळ धरायला हात लागतो. सोबत आलेल्या बाईला हे काम समजावून सांगा, नाहीतर ती बिचारी मदत म्हणून पावडरचा डबा आणायला जाते.

पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं असतं ना?

नाही. चिकाचं दूध थोडं आणि घट्ट असतं, पण रोगाशी लढणारे घटक त्यात सर्वांत जास्त. बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही ते मदत करतं. आजीला 'तुमचं चुकलं' म्हणण्यापेक्षा 'ही बाळाची पहिली लस' म्हणा. लस सगळ्यांना कळते.

पण पहिले दोन दिवस दूधच नसतं. बाळ उपाशी राहणार नाही का?

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी साधारण ५ ते ७ मिलीलीटर, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा मावतो. चीक तेवढाच येतो. छाती भरून येते ती दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. तोवर दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा छातीला लावत राहायचं. सुरुवातीच्या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणंही नेहमीचं. दोन आठवड्यांच्या आत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं.

'दूध पुरत नाही.' याला काय उत्तर द्यायचं?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि वरचं दूध सुरू होण्याचं सगळ्यांत मोठं कारणही हेच. 'पुरतं हो, पाजत राहा' असं म्हणून पुढच्या घरी गेलात तर दुसऱ्या दिवशी बाटली आलेली असेल. आईला भीती वाटत असते आणि भीतीला उपदेश लागू पडत नाही.

आधी विचारा: 'पुरत नाही असं कशावरून वाटलं?' उत्तरं ठरलेली असतात. बाळ रडतं. सारखं छातीला मागतं. छाती पूर्वीसारखी भरलेली वाटत नाही. पिळून पाहिलं तर थेंबच येतात. शेजारीण म्हणाली. यातलं एकही दूध कमी असल्याचं लक्षण नाही. बाळ कढत होतं म्हणूनही रडतं, शू झाली म्हणून रडतं, नुसतं कुशीत घ्यावं म्हणूनही रडतं. संध्याकाळी तास-दोन तास सारखं ओढत राहणं अनेक बाळांचं असतंच. दोन-तीन आठवड्यांचं आणि पुन्हा दीड महिन्याचं झालं की भूक एकदम वाढल्यासारखी वाटते. छाती काही आठवड्यांनी मऊ पडते, कारण दूध बाळाच्या मागणीप्रमाणे बनायला लागलेलं असतं.

खरी मोजमापं दोनच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची शू. आणि वजन: पहिल्या काही महिन्यांत आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ. शी वरून काही ठरवू नका. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसात आठ-दहा वेळा करतं, तसंच महिन्या-दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस करतही नाही, आणि तरी ठणठणीत असतं.

शू कमी आहे किंवा वजन वाढत नाही, असं दिसलं तर दूध खरंच कमी पोचतंय. तरीही बहुतेक वेळा आईच्या शरीरात खोट नसते. बाळ नीट लागलेलं नसतं, कमी वेळा पाजलं जात असतं, किंवा मधे मधे वरचं दूध, पाणी, घुटी चालू असते. जेवढं ओढलं जाईल तेवढं बनतं. वरच्या दुधाची एक वाटी दिली की बाळ तेवढं कमी ओढतं, मग दूध खरोखरच आटतं, आणि 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' हे खरं ठरतं.

मग आईकडे गेल्यावर नेमकं काय बघायचं?

एक पूर्ण पाजणं बसून बघायचं. माझ्या मते स्तनपानाच्या सगळ्या पोस्टरांपेक्षा या वीस मिनिटांची किंमत जास्त आहे. पंखा लावा, गर्दी बाहेर काढा, आईच्या पाठीला उशी किंवा भिंत द्या. तिचे खांदे वर चढलेले असतील तर ते आधी खाली येऊ द्या. वेदना आणि ताण असला की दूध तयार असूनही पान्हा फुटत नाही.

मग बाळ. डोकं आणि अंग एका रेषेत, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, नाक स्तनाग्रासमोर. बाळाने जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं. आई वाकून छाती बाळाच्या तोंडात कोंबू लागली की पाठही जाते आणि पकडही. नीट लागलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि काळा भाग ओठांच्या वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली कमी. गाल फुगलेले राहतात. आधी भराभर, मग सावकाश खोल ओढणं आणि गिळल्याचा आवाज. गालांना खळ्या पडत असतील, चुटुक चुटुक आवाज येत असेल, आईचा चेहरा वेदनेने आवळत असेल, तर बाळ नुसतं स्तनाग्र चोखतंय. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. तिसऱ्या-चौथ्यांदा जमलं तरी बिघडत नाही. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी द्या, कारण शेवटच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो.

आणि आपले हात मागे. बाळ आईनेच लावायचं. तुम्ही लावून दिलंत तर तुम्ही गेल्यावर तिला जमणार नाही.

स्तनाग्राला भेगा पडल्या आहेत, पाजताना जीव जातो.

मलमाआधी पकड बघा, शंभरातलं नव्वद दुखणं तिथेच असतं असं म्हटलं तरी चालेल. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब भेगांवर लावून वाळू द्या. साबणाने धुणं बंद. कमी दुखतं त्या बाजूने सुरुवात करा.

स्तनाग्र चपटं किंवा आत गेलेलं आहे.

बाळ काळ्या भागासकट पकडतं, त्यामुळे बहुतेकींना अडचण येत नाही. येत असेल तर १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज घ्या. सुई लावायच्या बाजूचं टोक कापून टाका, दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घाला आणि गुळगुळीत बाजू स्तनाग्रावर ठेवून आईलाच हळू ओढायला सांगा. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट पुरे.

छाती दगडासारखी झाली आणि ताप आला.

दूध दाटलं की पाजणं थांबवायचं नाही, वाढवायचं. आधी कोमट फडक्याने शेकून, हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ करायचा, मग बाळ लावायचं. पाजून झाल्यावर गार फडकं. एका ठिकाणी लाली, गाठ, ताप आणि अंगदुखी असेल आणि दिवसभरात उतार नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. यावर दिली जाणारी नेहमीची प्रतिजैविकं चालू असताना पाजता येतं.

उन्हाळ्यात थोडं पाणी? जन्मघुटी? मध?

विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा सहा महिन्यांपर्यंत पाणी नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळाला जास्त वेळा लावा आणि आईने भरपूर पाणी प्यावं. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून बोटावरचा थेंबही नको. सहाणेवर उगाळलेली घुटी आणि ग्राइप वॉटर यांचीही गरज नसते, आणि जंतू त्याच वाटेने पोटात जातात. डॉक्टरांनी दिलेलं औषध, ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि ओआरएस मात्र चालतं.

घुटी हा आजीचा मान असतो, हे विसरू नका. तो काढून घेतला की दुसरा द्यावा लागतो: बाळाला ढेकर काढणं, तेल लावणं, अंगाशी धरून बसणं. हे नुसतं बोलायला नाही, खरंच उपयोगाचं काम आहे.

बाळंतिणीने काय खायचं? घरात पथ्य कडक आहे.

अळीव, डिंक, मेथीचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, बाळंतशोप, सगळं खुशाल खावं. त्रास होतो तो बंद केलेल्या गोष्टींनी. डाळ नको, फळ गार, भाजी वातूळ, पाणी कमी, असं करत काही घरी सव्वा महिना भात-तूप-मिरी एवढंच ताटात उरतं. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. डाळ, अंडी, मासे, पालेभाजी, फळं बाळाला बाधत नाहीत. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू राहायला हव्यात, आणि या दोन गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या नाहीत. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून एक वेळचं चौरस गरम जेवण मिळतं. तिने ते तिथेच बसून खावं. डबा घरी नेला की त्यात चार तोंडं वाढतात.

मिश्री लावण्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा. तंबाखूतलं निकोटीन दुधात उतरतं. सोडणं उत्तम. सुटत नसेल तर निदान पाजण्याआधी नको. पण त्यापायी पाजणं बंद करायला सांगू नका.

आई आजारी आहे, औषधं चालू आहेत. पाजावं का?

सर्दी, ताप, जुलाब, टायफॉइड: पाजावं. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला २४ तासांच्या आत लस, आणि पाजावं. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर मास्क लावून पाजावं, बाळाला प्रतिबंधक औषध डॉक्टर ठरवतील. एचआयव्ही असलेल्या आईने एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नियमित घ्यावी, बाळाला दिलेलं औषध चुकवू नये आणि सहा महिने फक्त अंगावरचं पाजावं. इथे थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं मिश्रण सर्वांत धोक्याचं. कर्करोगाच्या केमोथेरपीसारखे मोजके उपचार सोडले तर 'औषध आहे, पाजणं बंद' हा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

बाळ कमी वजनाचं आहे, ओढायची ताकद नाही.

अडीच किलोच्या आतल्या बाळाला आईचं दूध जास्तच गरजेचं. ओढता येत नसेल तर हाताने काढून वाटी-चमच्याने पाजायचं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेवर ठेवायची, आधी छातीकडे मागे दाबायचं आणि मग एकमेकांकडे. पुढे ओढायचं नाही. बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी) कौतुकाचं असलं तरी त्याची नळी आतून घासता येत नाही, म्हणून वाटीच बरी. बाळाला दिवसातला जमेल तेवढा वेळ उघड्या छातीवर कांगारूसारखं धरावं. हे वडिलांनाही जमतं.

अगदी नाजूक बाळांसाठी मोठ्या रुग्णालयांत दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. शेजारणीचं दूध असंच देणं ही वेगळी गोष्ट झाली, ती नको.

वरचं दूध द्यावंच लागलं तर?

आई नाही, किंवा खरंच पाजू शकत नाही, अशी वेळ येते. तेव्हा अपराधी वाटायला लावू नका, नीट शिकवा. सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध, डब्यावर लिहिलेल्या मापानेच, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने. दोन तासांत न संपलेलं फेकायचं. गावात दिसणारा खरा धोका वेगळाच आहे: डबा महाग, म्हणून तो पुरवण्यासाठी एका मापाला दुप्पट पाणी. बाळाचं पोट भरतं, वजन वाढत नाही. घरभेटीत 'डबा किती दिवस पुरतो?' एवढं विचारलं तरी सगळं कळतं.

कंपनीचा माणूस दवाखान्यात डबे आणि कॅलेंडर देऊन जातो. घ्यावं का?

घेऊ नये, कायद्याने बंदी आहे. १९९२ चा, २००३ मध्ये कडक केलेला कायदा दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी पर्यायी दूध, बाटल्या आणि बालआहार यांची जाहिरात, मोफत नमुने, आयांशी संपर्क, तसंच आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू आणि पैसे, सगळ्याला मनाई करतो. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कंपनीचं नाव असेल तर ते आजच उतरवा.

सहा महिन्यांनंतर काय? उष्टावण झालं, पण बाळ खात नाही.

उष्टावणात खिरीचं बोट लागतं आणि पुष्कळ घरी नंतर दोन महिने वरणाचं पाणी चालू राहतं. त्या पाण्यात डाळ नसते. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. तांदूळ आणि मूगडाळ भाजून दळलेलं खिमट, नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात-वरण कालवून वर तूप, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा किंवा रताळं. अंडं आणि काटे काढलेला मासाही सहाव्या महिन्यानंतर चालतो. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांपर्यंत अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा, आणि मधे काही खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही. बिस्किटं आणि पाच रुपयांची पाकिटं भूक मारतात. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली, सहाव्या महिन्यापासून.

बाळाने तोंड फिरवलं म्हणजे नावडलं असं नाही. तीच चव पुष्कळदा पुन्हा द्यावी लागते. मोबाइल दाखवून भरवू नका, जबरदस्तीही नको.

आईला कामावर जायचंय.

कारखाना, ऑफिस, शाळा असेल तर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईतो पाजण्यासाठी दोन सुट्ट्या. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं. काढून ठेवलेलं दूध सावलीत, झाकून चार तास टिकतं, फ्रीजमध्ये २४ तास धरून चालावं. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही.

हे सगळं ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांचं काय? बीडहून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यात बाई दोन महिन्यांची बाळंतीण असू शकते. पहाटे फडात, बाळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थोरल्या बहिणीपाशी, किंवा बांधावरच्या झोळीत. तिला २६ आठवडे कोण देणार? तिच्यासाठी निघण्याआधी करता येण्यासारखं एवढंच: हाताने दूध काढायला आणि वाटीने पाजायला शिकवणं, झाकणाची स्टीलची वाटी सोबत, कामाला जाताना आणि आल्यावर पाजणं, रात्री जास्त वेळा पाजणं, माता-बाल संरक्षण कार्ड सामानात, आणि ज्या कारखान्याच्या भागात जाणार तिथल्या उपकेंद्राला फोन. मुकादमाला हे सांगायला संकोच वाटतो, पण बाळ बांधावर आणून द्यायला तो नाही म्हणेलच असं नाही.

पाजत असताना दिवस राहत नाहीत, हे खरं का?

तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच बऱ्याच अंशी खरं: बाळ सहा महिन्यांच्या आत, दिवसरात्र फक्त अंगावरचं, आणि पाळी आलेली नाही. एक जरी सुटली तरी दुसरा उपाय हवा. तांबी (कॉपर-टी) बसवता येते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. माला-एन गोळ्या पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत नकोत.

कोणत्या बाळाला थांबायचं नाही, लगेच न्यायचं?

ओढणं सोडलेलं, निस्तेज, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात किंवा छाती आत जाणारी, झटके, पहिल्या दिवशीच कावीळ किंवा तळपायांपर्यंत पिवळं. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर उपचार आणि वाहन मोफत आहे. वाटेतही बाळ आईच्या छातीशी, आणि पिऊ शकत असेल तर पाजत.

आशाताईकडे आधीच पन्नास कामं. प्रत्येकीपाशी वीस मिनिटं कुठून आणायची?

प्रत्येकीपाशी नाही लागत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बाईच्या हातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेता येते हे दाखवलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या घरभेटी त्याच धर्तीवर सुरू झाल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, घरी बाळंतपण असेल तर पहिला दिवसही. यातला तिसरा आणि सातवा दिवस वाया घालवू नका. तिसऱ्या दिवशी दूध भरतं, दाटतं, भेगा पडतात. सातव्यापर्यंत बाटली आत येते किंवा कायमची बाहेर राहते. पहिलटकरीण, सिझेरियनवाली, अडीच किलोच्या आतलं बाळ आणि जिचं आधीचं मूल वरच्या दुधावर वाढलं, या चौघींकडे बसून पाजणं बघा. बाकीच्यांना शू आणि वजन विचारून पुढे गेलात तरी चालेल. दवाखान्यातून सुट्टी देताना सिस्टरनेच यादीत या चौघींच्या नावापुढे खूण केली, तर आशाताईला गल्लीत शिरण्याआधीच कळेल कुठे बसायचं.